न्यू साउथ वेल्सचा जुना आमदार कसा शोधावा : 1918 ते 1939

ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात डोकावलं की जॅक लँग भेटतातच. 1932 साली गव्हर्नरांनी पदावरून दूर केलेले न्यू साउथ वेल्सचे प्रीमियर म्हणून त्यांचं नाव टिकून आहे. पण त्यांच्या काळात सिडनीच्या मॅक्वारी स्ट्रीटवरच्या विधानसभेत 90 सदस्य बसत. बॉयलर बनवणारे कारागीर, खाणकामगार, औषधविक्रेते, मेंढ्यांच्या मोठ्या मळ्यांचे मालक असे नाना तऱ्हेचे लोक त्यांत होते. त्यांतल्या बहुतेकांची आज कुणाला आठवण नाही. हा लेख त्यांना शोधण्यासाठी आहे. तुम्ही पॅरामॅटा किंवा ऑबर्नमध्ये राहत असाल आणि शंभर वर्षांपूर्वी इथून कोण निवडून जायचं असा प्रश्न पडला असेल, किंवा मराठीत एखादी चरित्रनोंद लिहायची असेल, तर पुढे दिलेल्या क्रमाने जा. सगळं काम घरबसल्या आणि फुकटात होतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. माणसाच्या नावापासून सुरुवात करू नका. आधी जागा आणि तारीख पक्की करा. कोणत्या मतदारसंघातून, कोणत्या निवडणुकीत, कोणत्या नियमाने तो निवडून आला हे कळलं की बाकीचा माणूस आपोआप उलगडत जातो. नुसतं नाव घेऊन निघालात तर एकाच आडनावाच्या चार जणांत अडकाल.

शब्दांची फारशी अडचण येणार नाही. महाराष्ट्राप्रमाणे न्यू साउथ वेल्समध्येही दोन सभागृहं आहेत, खालचं विधानसभेसारखं आणि वरचं विधान परिषदेसारखं. त्या काळच्या वर्तमानपत्रांत नावापुढे एमएलए किंवा एमएलसी लावलेलं दिसेल, आणि या दोन्ही उपाध्या आपल्या ओळखीच्या आहेत. राज्याच्या मुख्यमंत्र्याला तिथे प्रीमियर म्हणतात. या लेखात मी खालच्या सभागृहाच्या सदस्याला सरळ आमदार म्हणतो.

पहिलं काम : तारखा कागदावर उतरवा

पहिलं महायुद्ध 11 नोव्हेंबर 1918 ला थांबलं. तेव्हा जी विधानसभा होती ती मार्च 1917 च्या निवडणुकीत आलेली. म्हणजे दोन युद्धांमधले आमदार मोजायचे तर 1917 ची यादीही हाताशी हवी. त्यानंतरच्या निवडणुका अशा : 20 मार्च 1920, 25 मार्च 1922, 30 मे 1925, 8 ऑक्टोबर 1927, 25 ऑक्टोबर 1930, 11 जून 1932, 11 मे 1935 आणि 26 मार्च 1938. 3 सप्टेंबर 1939 ला ऑस्ट्रेलिया दुसऱ्या युद्धात उतरला तेव्हा 1938 चीच विधानसभा होती.

या आठ तारखा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या आहेत. एखाद्याची कारकीर्द 1927 ला संपलेली दिसली की लगेच विचारता येतं : हरला, उभाच राहिला नाही, की त्याचा मतदारसंघच नाहीसा झाला? 11 जून 1932 ही तर नीट लक्षात ठेवायची तारीख. 1930 मध्ये लँग यांच्या लेबर, म्हणजे मजूर, पक्षाचे 55 आमदार आले होते. लँगना पदावरून काढल्यानंतर महिन्याभरात झालेल्या या निवडणुकीत त्यांच्या बाजूचे 24 उरले. एकाच दिवशी कारकीर्द संपलेल्या लेबर आमदारांचा घोळका दिसला तर त्याचं कारण हे आहे.

दुसरं काम : तेव्हाचा नियम समजून घ्या

हा भाग सावकाश वाचा. 1920, 1922 आणि 1925 या तीन निवडणुकांत न्यू साउथ वेल्सने एक वेगळाच प्रयोग केला. एका मतदारसंघातून एकच आमदार ही पद्धत बाजूला ठेवून प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणलं. राज्याचे 24 मोठे मतदारसंघ केले. सिडनी परिसरातले आठ आणि न्यूकॅसल अशा नऊ ठिकाणांहून प्रत्येकी पाच, आणि उरलेल्या 15 मतदारसंघांतून प्रत्येकी तीन आमदार. पंचेचाळीस आणि पंचेचाळीस, मिळून 90. मतदार पसंतीक्रम लिहायचे. आपल्याकडे विधान परिषदेच्या निवडणुकीत पहिल्या पसंतीची, दुसऱ्या पसंतीची मतं असं ऐकतो ना, साधारण त्याच घराण्यातली ही पद्धत. 1927 पासून पुन्हा एक मतदारसंघ, एक आमदार.

त्यामुळे एकाच माणसाचा पत्ता सारखा बदलताना दिसतो. लँग 1913 ते 1920 ग्रॅनव्हिलचे, 1920 ते 1927 पॅरामॅटाचे आणि 1927 पासून ऑबर्नचे. त्यांनी घर बदललं म्हणून हे झालं नाही, नकाशा बदलला म्हणून झालं. विल्यम मॅक्केल, जे पुढे प्रीमियर आणि नंतर गव्हर्नर-जनरल झाले, ते आधी रेडफर्नचे, मग बॉटनीचे, मग पुन्हा रेडफर्नचे. कंट्री या शेतकऱ्यांच्या पक्षाचे मायकेल ब्रक्सनर आणि डेव्हिड ड्रमंड 1920 मध्ये नॉर्दर्न टेबललँड या एकाच तीन सदस्यांच्या मतदारसंघातून आले. 1927 ला तो विभागला गेला तेव्हा ब्रक्सनर टेंटरफील्डला गेले, ड्रमंड आर्मिडेलला. त्यामुळे 'पॅरामॅटाचा आमदार' असं वाचलं की पहिला प्रश्न : कोणत्या सालचं पॅरामॅटा? 1920 ते 1927 मध्ये त्या नावाचे एका वेळी तीन आमदार होते.

या काळात आणखी एक गोष्ट वेगळी होती. पाच किंवा तीन जणांच्या मतदारसंघातला एक आमदार वारला तर पोटनिवडणूक कशी घ्यायची? डिसेंबर 1920 मध्ये यासाठी कायदा झाला. पोटनिवडणूक घ्यायचीच नाही, वारलेल्या आमदाराच्या पक्षाच्या यादीतला हरलेल्यांपैकी पुढचा उमेदवार आत घ्यायचा. म्हणून 1920 ते 1927 च्या यादीत अशी नावं सापडतात जी मतमोजणीत हरलेली आहेत आणि तरी आमदार आहेत. ती चूक नाही. मीही सुरुवातीला अशी दोन नावं चुकीची समजून खोडली होती.

आता एक उदाहरण, आणि माझ्या मनाला लागलेलं आहे म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पर्सी ब्रूकफील्ड. ब्रोकन हिल हे राज्याच्या अगदी पश्चिम टोकाचं चांदी, शिसं आणि जस्ताच्या खाणींचं गाव. ब्रूकफील्ड तिथले खाणकामगार. 1917 मध्ये ते स्टर्ट मतदारसंघातून आले, 1920 मध्ये पुन्हा स्टर्टमधूनच. तोवर लेबर पक्ष सोडून ते एका छोट्या समाजवादी पक्षाचे झाले होते. 1920 च्या निवडणुकीनंतर जॉन स्टोरी यांच्या लेबर सरकारला स्वतःचं बहुमत नव्हतं, त्यामुळे अशा एकेका आमदाराच्या मताला फार किंमत होती. ब्रूकफील्डनी ती किंमत स्वतःसाठी वापरली नाही. युद्धकाळात तुरुंगात टाकलेल्या बारा कामगार कार्यकर्त्यांच्या सुटकेचा त्यांनी पाठपुरावा केला. न्यायमूर्ती ईविंग यांच्या चौकशीनंतर 1920 मध्ये त्यांतले दहा सुटले. पुढच्या वर्षी, 22 मार्च 1921 ला, ब्रोकन हिल–अ‍ॅडलेड मार्गावरच्या रिव्हर्टन स्टेशनवर एक माणूस बेछूट गोळीबार करू लागला. त्याच्या हातातलं पिस्तूल काढून घ्यायला ब्रूकफील्ड पुढे झाले आणि गोळी लागून मरण पावले.

या एका माणसावरून शोधाच्या दोन गोष्टी शिकता येतात. एक, रिव्हर्टन न्यू साउथ वेल्समध्ये नाही, दक्षिण ऑस्ट्रेलियात आहे. ब्रोकन हिलचं सगळं जाणं-येणं अ‍ॅडलेडकडे होतं, सिडनीशी थेट रेल्वे 1927 मध्ये जोडली गेली. म्हणून या आमदाराबद्दल सिडनीच्या पत्रांपेक्षा ब्रोकन हिलच्या 'बॅरियर मायनर'मध्ये आणि अ‍ॅडलेडच्या दैनिकांत जास्त सापडतं. आमदार कुठला हे पाहून वर्तमानपत्र निवडा. दोन, त्यांच्या जागी पोटनिवडणूक झाली नाही. वर सांगितलेल्या नियमाच्या काळात ते गेले, आणि जागेवर लेबरचे जॅबेझ राइट आले.

तिसरं काम : संसदेची स्वतःची नोंद

न्यू साउथ वेल्स संसदेच्या संकेतस्थळावर माजी सदस्यांचा विभाग आहे. प्रत्येकाचं एक पान : जन्म, मृत्यू, व्यवसाय, कुटुंब, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणती जागा, कोणता पक्ष, कोणतं मंत्रिपद. इथल्या तारखा प्रमाण माना. एक बारकावा : कार्यकाळाची शेवटची तारीख बहुतेकदा सभागृह विसर्जित झाल्याची असते, मतदानाची नसते. दोन नोंदींत तीन-चार आठवड्यांचा फरक दिसला तर आधी हे तपासा.

त्याच संकेतस्थळावर निवडणूक-अभ्यासक अँटनी ग्रीन यांनी जमवलेले 1856 पासूनच्या निवडणुकांचे निकाल आहेत. मतदारसंघ निवडा, साल निवडा, की उमेदवार, पक्ष आणि मतं समोर येतात. प्रमाणशीर पद्धतीच्या तीन निवडणुकांचे आकडे वाचताना पहिल्या पसंतीची मतं बघून थांबू नका, कारण निर्णय पुढच्या फेऱ्यांत होत असे. काही जागांवर मतांचा आकडाच दिसणार नाही, फक्त 'बिनविरोध' एवढंच. ग्रामीण भागात असं बरंच आढळतं. 1930 नंतर मतदानाची टक्केवारी एकदम वर गेलेली दिसेल, कारण त्या निवडणुकीपासून राज्यात मतदान सक्तीचं झालं. लोकांचा उत्साह अचानक वाढला असा निष्कर्ष काढू नका.

पक्ष लिहिताना

एकाच शब्दात पक्ष लिहून मोकळं होण्याचा मोह टाळा. सालासह लिहा. नॅशनलिस्ट पक्षाचे लोक 1932 पासून युनायटेड ऑस्ट्रेलिया पक्षाचे होतात. शेतकऱ्यांचा प्रोग्रेसिव्ह पक्ष 1921 अखेर फुटतो. ब्रक्सनर यांच्यासोबतचा, नॅशनलिस्टांशी युतीत जायला नकार देणारा गट स्वतःला 'खरे निळे' म्हणवतो, आणि त्यातूनच पुढे कंट्री पक्ष उभा राहतो. 1931 ते 1936 या काळात लेबर असं नुसतं लिहिणं तर अपुरंच आहे, कारण लँग यांचा लेबर आणि केंद्रीय लेबर हे दोन वेगळे पक्ष समोरासमोर उभे होते. वर्तमानपत्रात शोधताना लेबरचं इंग्रजी स्पेलिंग 'यू'सह आणि 'यू'शिवाय असं दोन्ही टाकून पाहा. पक्षाने 'यू' सोडला होता, सगळ्या संपादकांनी सोडला नव्हता.

चौथं काम : ट्रोव्ह

आधी ऑस्ट्रेलियन डिक्शनरी ऑफ बायोग्राफी या चरित्रकोशात नाव पाहा. तो नेटवर मोफत आहे आणि लेख अभ्यासकांनी लिहिलेले आहेत. मंत्री, पक्षनेते, गाजलेले सदस्य तिथे मिळतील. मागच्या बाकावरचा साधा आमदार बहुधा मिळणार नाही, आणि खरं काम तिथूनच सुरू होतं.

ट्रोव्ह हा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा संग्रह. शेकडो जुन्या वर्तमानपत्रांची पानं स्कॅन करून त्यात ठेवली आहेत, बहुतेक 1954 पर्यंतची. म्हणजे आपला काळ जवळजवळ पूर्ण येतो. खातं न उघडताही वाचता येतं. पण शोधायची पद्धत हवी. नुसतं 'लँग' किंवा 'ली' टाकलंत तर लाखो नोंदी समोर येतील. आडनावासोबत मतदारसंघ टाका, अवतरणचिन्हांत 'मिस्टर' आणि आडनाव असं जोडून टाका, आणि तारखेची मर्यादा घाला. त्या काळच्या बातमीत आमदाराचं पहिलं नाव क्वचितच असतं, 'मि. ब्रूकफील्ड' एवढंच असतं. संगणकाने अक्षरं चुकीची वाचलेली असतात, म्हणून जवळपासची एक-दोन स्पेलिंगही पाहा.

माझा क्रम असा असतो. पहिल्यांदा मृत्यूची तारीख घेऊन पुढच्या तीन दिवसांची पानं पाहतो. मृत्युलेखात बालपण, जुना धंदा, कामगार संघटनेतलं पद, मुलंबाळं अशी एकगठ्ठा माहिती मिळते, आणि गावच्या पत्रातला मृत्युलेख सिडनीच्या पत्रापेक्षा जवळकीने लिहिलेला असतो. मग पहिल्या निवडणुकीच्या आधीचे सहा आठवडे. उमेदवाराची ओळख करून देणाऱ्या बातम्या त्या वेळी येतात. सगळ्यात शेवटी मधली वर्षं.

एकच बातमी दोन पत्रांत वाचायची सवय लावा. 'सिडनी मॉर्निंग हेराल्ड' लँगविरोधी, तर 'लेबर डेली' त्यांच्या बाजूचं. एकाच दिवसाचं एकच भाषण या दोन्हींत वाचलं की सभागृहात नेमकं काय झालं असेल याचा अंदाज येतो.

नावांचे घोळही इथेच भेटतात. मॅकगर आडनावाचे तीन सख्खे भाऊ या संसदेत होते : ग्रेग, पॅट्रिक आणि जेम्स. ग्रेग यांचं कागदोपत्री नाव जॉन जोसेफ ग्रेगरी. सार्वजनिक आरोग्याबरोबर 'मातृत्व' हे खातं त्यांच्याकडे होतं, त्यामुळे त्यांच्या बातम्या खात्याच्या नावाने पटकन सापडतात. 1922 नंतरच्या बातमीत नुसतं 'मि. मॅकगर' असेल तर मतदारसंघ पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्त्री सदस्यांचा शोध वेगळ्या वाटेने घ्यावा लागतो. मिलिसेंट प्रेस्टन-स्टॅन्ली 1925 मध्ये ईस्टर्न सबर्ब्स मतदारसंघातून आल्या. न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेतली ही पहिली स्त्री. बाळंतपणात दगावणाऱ्या बायका आणि मुलांच्या ताब्याबाबत आईचा हक्क हे विषय त्यांनी सभागृहात लावून धरले. त्यांचं नाव कधी जोडरेघेसह, कधी जोडरेघेशिवाय छापलेलं असतं. 1934 मध्ये त्यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियाचे माजी प्रीमियर क्रॉफर्ड व्हॉन यांच्याशी लग्न केलं. त्यानंतर 'मिसेस क्रॉफर्ड व्हॉन' असं शोधलं नाही तर त्यांची पुढची वर्षं हातातून निसटतात. विधानसभेतल्या दुसऱ्या स्त्री मेरी क्वर्क जानेवारी 1939 मध्ये, पतीच्या निधनानंतर, बालमेनच्या पोटनिवडणुकीत आल्या. त्यांच्याबद्दलच्या बातम्यांत 'मिसेस क्वर्क' असंच शोधावं लागतं. या दोघींच्या मध्ये किती वर्षं गेली ते मोजून बघा.

पाचवं काम : सभागृहात तो काय बोलला

हॅन्सार्ड म्हणजे सभागृहातल्या भाषणांचा छापील वृत्तान्त. जुने खंड संसदेच्या संकेतस्थळावर आहेत. सूचीत सदस्याच्या नावाखाली पाहा. पहिलं भाषण वाचाच. त्यात आमदार आपल्या भागाबद्दल बोलतो, आणि रस्ता, शाळा, पाणी, गुरांचे भाव असं काहीतरी हाताला लागतं.

पण भाषणांपेक्षा मतविभागणीच्या याद्या मला जास्त बोलक्या वाटतात. बाजूने कोण, विरोधात कोण, नावानिशी. डिसेंबर 1921 चं प्रकरण घ्या. स्टोरी ऑक्टोबरमध्ये वारले होते आणि जेम्स डूली प्रीमियर झाले होते. सभापती डॅनियल लेव्ही हे विरोधी नॅशनलिस्ट पक्षाचे. त्यांनी खुर्ची स्वीकारल्यामुळेच लेबरचं गणित जमत होतं. लेव्हींनी राजीनामा दिला. लेबरला आपला माणूस खुर्चीवर बसवावा लागला, एक मत कमी झालं आणि सरकार पडलं. 20 डिसेंबरला जॉर्ज फुलर प्रीमियर झाले आणि जेमतेम सात तासांनी पायउतार झाले, कारण त्यांच्याकडेही बहुमत नव्हतं. डूली परत आले. त्या आठवड्याच्या याद्या घेऊन बसा आणि तुमचा आमदार कुठल्या रकान्यात आहे ते पाहा. एका माणसाचं मत म्हणजे काय असतं ते तिथे दिसतं.

वरच्या सभागृहासाठी

विधान परिषदेचा सदस्य शोधत असाल तर मतदारसंघ विसरा. 1934 पर्यंत तिथले सदस्य तहहयात नेमलेले असत, आणि त्यांची संख्याही ठरलेली नव्हती. लँगनी डिसेंबर 1925 मध्ये परिषदच बरखास्त करण्यासाठी 25 जण नेमले, पण त्यांतले काही ऐन वेळी फिरले आणि बेत फसला. नोव्हेंबर 1931 मध्ये नेमलेल्यांत कॅथरिन ग्रीन आणि एलन वेब्स्टर या परिषदेतल्या पहिल्या दोन स्त्रिया होत्या. 13 मे 1933 च्या सार्वमतानंतर परिषद 60 जणांची झाली, मुदत 12 वर्षांची, आणि मतदार कोण, तर दोन्ही सभागृहांचे सदस्य. त्यामुळे इथे विचारायचा प्रश्न एकच : याला कोणी आणि कशासाठी नेमलं?

एक सावधगिरी

या काळात थरारक गोष्टीही आहेत. थॉमस ली 1922 ते 1925 न्यायमंत्री होते. नंतर ते केंद्रीय संसदेत गेले, पुढे इंग्लंडला गेले, आणि 1947 मध्ये जॉन मडी यांच्या खुनाबद्दल तिथल्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं. त्याच वर्षी ब्रॉडमूर या गुन्हेगारांसाठीच्या मनोरुग्णालयात ते वारले. त्यांचे एके काळचे सहकारी आमदार हायमन गोल्डस्टीन 1928 मध्ये कूजीच्या कड्याखाली मृत सापडले होते. या दोन घटना जोडणाऱ्या अनेक कहाण्या वाचायला मिळतील. नोंद लिहिताना न्यायालयात सिद्ध झालेलं एका वाक्यात लिहा, आणि संशय लिहायचाच असेल तर तो संशय आहे असं स्पष्ट म्हणा. गोल्डस्टीनना फक्त त्यांच्या मृत्यूपुरतं उरवू नका. त्यांचीही भाषणं हॅन्सार्डमध्ये आहेत.

आमदार युद्धावर गेला होता असं कळलं तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या फायली स्कॅन केलेल्या आहेत. घोडदळातून परतलेल्या ब्रक्सनर यांच्यासारख्यांसाठी तिथून बरंच मिळतं. उंची, वजन, जखमा, घरचा पत्ता, सगळं.

नोंद मराठीत उतरवताना पहिल्या ओळीत मतदारसंघ आणि सालं घाला, दुसरीत धंदा, मग पक्ष सालांसह. इंग्रजी नावांचे उच्चार ऐकून लिहा आणि एकदा ठरवलेलं लेखन शेवटपर्यंत बदलू नका.

सिडनीत असाल तर मॅक्वारी स्ट्रीटवर एकदा जाऊन या. संसद भवनाचा सगळ्यात जुना भाग 1816 च्या रुग्णालयाचा आहे. अधिवेशन चालू असताना प्रेक्षक सज्जात बसून विधानसभा पाहता येते. तिथल्या गोंगाटावरून तिला 'अस्वलांचा खड्डा' म्हणतात. आणि घरीच असाल तर ट्रोव्हवर तुमच्या आमदाराचा मृत्युलेख उघडा, स्कॅनशेजारचा मजकूर पाहा, त्याच्या नावातलं चुकलेलं अक्षर दुरुस्त करून जतन करा. पुढच्या शोधणाऱ्याला तो पहिल्या फटक्यात सापडेल.